लॉरीला आवतण

आमच्या लॉरीच्या पुढच्या दोन्ही मडगार्डांना वर्षातून एकदा लोणी लागायचं. लोणी आणि हळद. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही जिथं मुक्कामाला असू तिथं माझा जोडीदार कुठूनतरी लोण्याचा गोळा पैदा करायचा, त्यात हळद कालवायचा, आणि बैलाचे खांदे चोळावेत तसे ते मडगार्ड पळसाच्या पानानं चोळायचा. मग बॉनेटपाशी तोंड नेऊन हळूच सांगायचा, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्या वऱ्हाडात त्या संध्याकाळी बैलांना असंच जेवायचं आवतण देतात. लॉरीला देणारा मात्र सबंध मुलखात हा एकटाच.

दुसऱ्या दिवशी त्या लोण्यावर रस्त्याची सगळी धूळ येऊन बसायची आणि लॉरीला मिशा फुटल्यासारख्या दिसायच्या. कारंज्याला परतलो की मालक माझ्यावर डाफरायचा, कारण लॉरी पुसायचं काम माझ्याकडे होतं. मी रॉकेलचं फडकं घेऊन घासत बसायचो आणि जोडीदाराच्या नावानं खडे फोडायचो. तो बाजूला उकिडवा बसून बिडी ओढत म्हणायचा, "पुस बापा, पुस. तिले गुदगुल्या होऊन राह्यल्या."

लढाईचे दिवस होते. लढाई कुठं लांब चालली होती ती चालली होती, पण पेट्रोल आमच्या कारंज्यातून नाहीसं झालं. मग मालकानं लॉरीच्या मागच्या अंगाला एक लोखंडी भट्टी बसवून घेतली. तिच्यात लाकडी कोळसा जाळायचा, त्याचा वायू नळीतून गाळून इंजिनात न्यायचा, आणि त्यावर लॉरी चालायची. चालायची म्हणजे सपाटीला चालायची. चढ दिसला की तिला धाप लागायची. सकाळी भट्टी पेटवून पंखा फिरवत बसावं तेव्हा कुठं ती गुरगुरायला लागे. हातापायाला काजळी, डोळ्यांत राख. कामरगावला घरी गेलो की आई आधी आंघोळीचं पाणी काढायची आणि मग विचारायची, कसा आहेस रे.

अशा लॉरीवर दोन ड्रायव्हर लागत. कारंज्याहून कापसाच्या गाठी अकोल्याला, अकोल्याहून मीठ वाशीम-मंगरूळपीरला, तिथून ज्वारी हिंगोलीकडे, अशा आमच्या लांबलांब खेपा. एकानं चाक धरायचं, दुसऱ्यानं बाकामागच्या फळीवर कोळशाच्या पोत्यांना टेकून झोप काढायची, आणि मग अदलाबदल. मी अमरावतीच्या एका मोटार दुरुस्तीच्या दुकानात हे काम शिकलो होतो आणि आपल्यासारखा ड्रायव्हर आपणच, अशी माझी पक्की समजूत होती. माझं डोकं तापायला भट्टीइतकाही वेळ लागत नसे. जोडीदार माझ्याहून बराच मोठा, काळासावळा, बुटका, आणि कधीच घाईत नसलेला. मालकानं आम्हा दोघांना एकत्र जुंपलं तेव्हा अड्ड्यावरच्या लोकांनी पैजा लावल्या होत्या की पहिल्याच खेपेत एक जण रस्त्यात उतरून पायी घरी जाईल. ते पैजा हरले, आणि त्याचं श्रेय सगळं त्याचं आहे.

तो मूळचा बैलगाडीवाला. वाशीमहून मंगरूळपीरला जाताना लागणाऱ्या एका गावात त्याचं घर. लॉरी चालवतानाही त्याच्या सगळ्या रीती गाडीवानाच्याच. चाक माझ्या हातात देण्याआधी तो खाली उतरायचा, बॉनेटवर हात ठेवायचा आणि लॉरीची हकिगत सांगायचा. "पानी पेली. कोयसा आत्ताच खाल्ला. डाव्या अंगानं दुखून राह्यली, चढावर तानू नको." आधी मला हसू यायचं. नंतर लक्षात आलं की त्यानं डावं अंग म्हटलं की डावीकडचं चाक खरंच तापलेलं असतं. मग मीसुद्धा चाक देताना हकिगत सांगायला लागलो, फक्त माझ्या भाषेत.

मी झोपलो की तो लॉरी वेगळीच चालवायचा. एकदा मी डोळे मिटून जागाच होतो. पुढं ओढ्यावरची दगडी फरशी आली. तिच्यावरून गेलं की माणूस फळीवरून हातभर उडतो. त्यानं लॉरी थांबवली, उतरला, दोन-तीन मोठे धोंडे बाजूला केले, परत चढला आणि अशी हळू नेली की माझ्या उशाचा तांब्यासुद्धा हलला नाही. मी झोपेत असलो की तो हॉर्न वाजवायचा नाही. खिडकीतून हात काढून दार थोपटायचा आणि वाटेतल्या माणसाला म्हणायचा, "सरक गा भाऊ, आत मानूस झोपला हाये." भाकरीचा मोठा तुकडा माझ्याकडे यायचा आणि चटणीसुद्धा. मी एकदा चिडून म्हणालो, "मी काय तुमचा जावई आहे का?" तो म्हणाला, "जावयाचं एवढं कोन करते? थो उठून जाते. तुले तं मले घेऊन घाट चढाचा हाये."

त्याची एकच गोष्ट मला सहन व्हायची नाही. समोरून बैलगाडी आली की तो लॉरी बंद करायचा. नुसती हळू नाही, बंद. भट्टीवर चालणारी लॉरी बंद केली की पुन्हा सुरू करायला हँडल मारून खांदा निखळतो. पण लॉरीच्या आवाजानं बैल बिचकतात, म्हणून हा उतरून समोरच्या गाडीच्या बैलांची वेसण धरणार, त्यांना चुचकारत लॉरीच्या पुढून नेणार, आणि मग येऊन म्हणणार, "चाल, मार हँडल." मी म्हणायचो, "असं थांबत गेलो तर दिवाळीला पोचू." तो म्हणायचा, "बैल भडकला तं आख्खी गाडी उलटते, त्याचं काय? आपून एक चिलीम उशिरा पोचू." गाडीवानांना मात्र लॉरीवाले म्हणजे वैरी. त्यांचा माल आम्ही ओढून नेत होतो. तरी आमची लॉरी पाहिली की ते शिव्या जरा हळू आवाजात द्यायचे.

त्याच्या मोठ्या भावानं मात्र आवाज हळू केला नव्हता. दोघा भावांची गाडी पूर्वी वाशीमच्या रस्त्यावर सगळ्या गाड्यांच्या पुढं चालायची. लॉऱ्या आल्या, गाड्या रिकाम्या उभ्या राहू लागल्या, आणि धाकटा एक दिवस लॉरीवर चढला. मोठ्यानं गावासमोर सांगितलं की ज्या धुरानं आपल्या बैलांच्या तोंडचा घास काढला, त्याच्याच पोटात हा जाऊन बसला, आता ह्याचा माझ्या जोडीला हात लागायचा नाही. पोळ्याच्या तोरणाखाली उभं राहायला माणसाच्या हातात बैलजोडी लागते. ह्याच्या हातात राहिलं लॉरीचं चाक. तेव्हापासून दर पोळ्याला तो मुद्दाम खेप घ्यायचा आणि कुठल्यातरी परक्या गावच्या झाडाखाली लॉरीला लोणी लावायचा. हे मला त्यानं कधी सांगितलं नाही. त्याच्या गावच्या लोकांकडून कळलं. कळल्यावरही मी मडगार्ड पुसताना कुरकुर करायचो, पण जरा कमी.

त्या वर्षी आम्ही अकोल्याला मीठ भरत होतो. मंगरूळपीरचं मीठ. त्याच्या गावचा एक माणूस बाजाराला आला होता, तो आम्हाला शोधत आला आणि माझ्यादेखत म्हणाला, "तुया भावानं सांगतलं, औंदा पोळ्याले ये. गोऱ्हे नवे हायेत, मस्तीचे हायेत, त्याचा हात मोडला तवापासून त्याच्याच्यानं आवरत नाई. जोडी तू धर म्हने."

जोडीदार पोतं तसंच पाठीवर घेऊन उभा राहिला.

"आनखीन म्हने," तो माणूस खाली बघत म्हणाला, "औंदा नाई आला तं मंग कधीच येऊ नको."

पोळा परवावर आला होता. मी म्हटलं, "भाऊ, निघा. मूर्तिजापूरवरून पॅसेंजर मोटारी जातात, कुठूनही जा, उद्या घरी पोचाल. मीठ मी आणतो." तो पोतं लॉरीत टाकून शांतपणे म्हणाला, "आन् घाट?"

पातूरचा घाट अकोल्याकडून येताना चढाचा. त्या चढावर एकानं चाक धरायचं आणि दुसऱ्यानं मोठा लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकाशेजारून चालायचं. लॉरी दमली की ठोकळा चाकामागं सारायचा, नाहीतर ब्रेकच्या भरवशावर ती उलटी दरीत जायची. मी म्हणालो, "घाटाखाली कुणालातरी धरीन." तो माझ्यावर कधी ओरडत नसे, त्या दिवशी जवळजवळ ओरडला. "कोनाले धरशीन? ज्याले ठोकळा कवा टाकाचा समजत नाई त्याले? तुले घाटात एकट्याले सोडून मी पोळ्यात नाचू काय?" आणि दुसरं पोतं उचलायला गेला.

 ज्या रीतीनं तो मला इतकी वर्षं सांभाळत आला, त्याच रीतीपायी आता त्याचं घर कायमचं तुटणार होतं, आणि त्याला ते कळत होतं. मी मनाशी म्हटलं, पोळा फुटून जोड्या तोरणाखालून घराकडे सुटायच्या आत ह्याला तिथं उभा करीन, नाहीतर पुन्हा चाकाला हात लावणार नाही.

आणि नेमका पाऊस लागला. हमाल आले नाहीत, मीठ ताडपत्रीखाली सुद्धा ओल पिऊन जड झालं, कोळसा सर्दावला. निघायलाच पोळ्याच्या आदल्या दिवसाची दुपार झाली, आणि घाटाच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा दिवस मावळतीला टेकला होता. अंधारात घाट चढायचा नाही हा आमचा नेम. वडाच्या झाडांखाली सात-आठ बैलगाड्या सुटल्या होत्या. पावसानं अडकलेले गाडीवान. त्यांनाही घरी पोचता आलं नव्हतं, तेव्हा ते तिथंच बैलांचे खांदे चोळत होते.

आमच्याकडे पाहून एक जण म्हणाला, "आलं धुराचं भूत." दुसरा म्हणाला, "याचाबी खांदा चोया गा!" सगळे हसले. जोडीदार उतरला, आपला लोण्याचा गोळा काढला, आणि खरोखरच मडगार्ड चोळायला लागला. हसणारे चोळता चोळता थांबले. त्यानं नेहमीसारखं आवतण दिलं. मग उरलेलं लोणी घेऊन तो एका म्हाताऱ्या गाडीवानापाशी गेला. म्हाताऱ्याची बोटं वाकडी झाली होती, त्याला धड चोळता येत नव्हतं. ह्यानं काही न विचारता त्याच्या दोन्ही बैलांचे खांदे चोळून दिले, जू घासून कातडी जाड झाली होती तिथं अंगठ्यानं गोल गोल. बैलांनी माना खाली घातल्या. म्हातारा म्हणाला, "तू बैल पाहून मोटार बंद करते थोच काय?" हा म्हणाला, "हाव." बस्स, एवढंच बोलणं झालं. मी तोवर कोळसा पत्र्यावर पसरून, खाली विस्तव करून वाळवत बसलो होतो आणि पावसाला, कोळशाला, मिठाला, सगळ्यांना शिव्या घालत होतो.

सकाळी आभाळ मोकळं होतं. मी चाकावर, तो ठोकळा घेऊन मागं. भट्टीच्या धुरात चालायची ती जागा सगळ्यात वाईट, आणि ती तो कधीच मला द्यायचा नाही. पहिली वळणं लॉरीनं कण्हत कण्हत काढली. दमली की मी ओरडायचो, ठोकळ्याचा धप्प आवाज यायचा, लॉरी टेकायची, दम खायची, आणि पुन्हा निघायची. माथा झाडांतून दिसायला लागला. आणि शेवटच्या, सगळ्यात उभ्या वळणावर इंजिनानं मान टाकली.

ठोकळा बसला, पण चिखलात तो घसरू लागला. जोडीदारानं धावाधाव करून दगड लावले. आम्ही दोघांनी हँडल मारून पाहिलं, पंखा फिरवून पाहिला. भट्टी नुसती पांढरा धूर ओकत होती. पुढं नाही, मागं नाही. मी चाकावर कपाळ टेकलं. मला रडू यायला लागलं होतं, आणि मला रडू आलं की मी ओरडतो. मी ओरडलो, "अर्धी पोती उतरवू, वर नेऊ, परत येऊ!" म्हणजे आख्खा दिवस गेला. त्याला ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तो फक्त म्हणाला, "हाव, उतरवू," आणि ताडपत्रीची गाठ सोडायला लागला.

तेवढ्यात खालून गाडीवान वर आले. बैल झाडाखाली ठेवून, पायीच. पुढं तो वाकड्या बोटांचा म्हातारा.

"बैल आज मांगू नको," तो म्हणाला.

"मी मांगतलेच नाई आबा," जोडीदार म्हणाला. "पोळा हाये. आज त्यायचा खांदा मोकया."

म्हाताऱ्यानं लॉरीकडे पाहिलं, वळणाकडे पाहिलं, मग डोक्याचं पागोटं काढलं आणि त्याची घडी करून स्वतःच्या खांद्यावर ठेवली. "बैलाचा मोकया हाये," तो म्हणाला, "आमचा कायले राखून ठेवाचा? दोर काढा रे."

पुढचं सगळं मला काल घडल्यासारखं दिसतं. गाड्यांचे जाड दोर आले, लॉरीच्या पुढच्या लोखंडाला बांधले गेले. सगळे गाडीवान दोन रांगांत, खांद्यावर पागोटी, पागोट्यांवर दोर. लॉरीला धुराचं भूत म्हणणारा सगळ्यात पुढं. म्हातारा कडेला उभा राहून बैलांना हाकतात तशा हाका घालू लागला, आणि बाकीचे हसत हसतच, पण जीव खाऊन ओढू लागले. लॉरी हलली. हातभर. धप्प, ठोकळा. पुन्हा हाक. पुन्हा हातभर.  ओढता ओढता कुणीतरी बैलासारखं हंबरलं आणि सगळी रांग हसून सैल पडली. म्हातारा खरोखर चिडला, "सन हाये म्हून माजले काय!" पुन्हा दोर ताणले. वळण निम्मं सरलं, भट्टीनं एक ढेकर दिली, दुसरी दिली, आणि इंजिन धडधडायला लागलं! मी आनंदानं अशी आरोळी ठोकली की झाडावरचे बगळे उडाले. लॉरी चालायला लागली, दोर ढिले झाले, आणि गाडीवान तिच्यापुढं पळत पळत माथ्यावर आले, जणू आम्हीच त्यांना हाकत होतो.

माथ्यावर सगळे रस्त्यातच बसले. खांद्यांवर दोराचे लाल वळ उठले होते. जोडीदार लॉरीत गेला, पानात गुंडाळलेलं उरलंसुरलं लोणी घेऊन आला, आणि म्हाताऱ्याला हाताला धरून बसवून त्यानं पुढच्या गाडीवानाचा खांदा चोळायला घेतला. मग दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा. अंगठ्यानं, गोल गोल. आधी ते लाजले, मग त्यांनी बैलांसारख्याच माना खाली घातल्या. शेवटच्या माणसाचा खांदा झाल्यावर तो हात पुसत म्हणाला, "आवतन घ्या, जेवाले या."

इतके हसलो आम्ही की पोटात कळ आली. आयुष्यात मी पुष्कळ जिंकलो-हरलो, पण इतकी माणसं एका वेळी जिंकलेली मी पुन्हा पाहिली नाहीत.

पुढं सपाटी होती आणि ऊन पडलं होतं. चाक आता त्याच्याकडे. मेडशी गेलं, मालेगाव गेलं. पण पोळ्याचा दिवस, प्रत्येक गावच्या ओढ्यावर बैल धुवायला आलेले, शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल रस्त्यावरून मिरवत चाललेले. आणि हा बाबा प्रत्येक जोडीसाठी लॉरी थांबवून बंद करू लागला! त्याचा स्वतःचा पोळा फुटायला आला होता, भाऊ कायमचा जाणार होता, आणि हा उतरून परक्यांच्या बैलांची वेसण धरत होता. "आज तरी नका थांबू!" मी हात जोडले. तो म्हणाला, "आज तं थांबाच लागते. आज त्यायचा सन हाये." मग मी वाद सोडला. तो थांबवायचा, मी उडी मारून बैलांना नेऊन सोडायचो आणि पळत येऊन हँडल मारायचो, म्हणजे तेवढा तरी वेळ वाचावा. वाशीम मागं पडेपर्यंत मी बैलांशी एवढं गोड बोलायला शिकलो होतो की आई म्हणाली असती, हा आपला नव्हे.

त्याचं गाव दिसलं तेव्हा सूर्य खाली आला होता. मी खिडकीतून अंग बाहेर काढून कान लावला. वाजंत्री वाजत होती. म्हणजे पोळा अजून फुटला नव्हता. पण उशीर तर कधीच होऊन गेला होता. आजूबाजूच्या गावांतले बैल केव्हाच घरी जेवायला गेले होते.

मारुतीच्या देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, खाली जोड्यांची रांग, आणि रांगेच्या तोंडाची मानाची जागा रिकामी. मानाची जोडी, म्हणजे ह्याच्याच घरची, बाजूला उभी होती. तिच्यापाशी एक उंच, पिकल्या मिशांचा माणूस, एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातानं एका गोऱ्ह्याचा खूर उचलून बघत होता. पाटील कंटाळून विचारत होते, "निंघाला काय काटा?" तो खुरावरून नजर न काढता म्हणत होता, "नाई निंघाला अजून. खोल हाये." आमच्या शेजारी उभा असलेला एक माणूस हळूच म्हणाला, "दुपारपासून काटाच काढून राह्यला बापा. चारी पाय झाले, आता दुसरा बैल धरला."

जोडीदार लॉरीतून उतरला. काजळीनं काळा, चिखलानं भरलेला. गर्दीनं वाट दिली. तो भावासमोर जाऊन उभा राहिला. भावानं वर पाहिलं. खूर खाली ठेवला.

"निंघाला," तो पाटलांना म्हणाला, आणि कासरा धाकट्याच्या हातात दिला.

 धाकट्यानं कासरा मुठीला गुंडाळला, मस्तीचे गोऱ्हे त्याच्या एका चुचकारण्यात शांत झाले, आणि तो त्यांना घेऊन मानाच्या जागी गेला. मला पुढचं नीट दिसलं नाही. मी लॉरीच्या दाराशी उभा राहून ढसाढसा रडत होतो आणि लोकांना सांगत होतो की धूर गेला डोळ्यात.

पाटील नारळ फोडायला पुढं झाले, तेवढ्यात मोठ्या भावानं हात वर करून त्यांना थांबवलं. तो सरळ माझ्याकडे आला. लॉरीभोवती एक चक्कर मारली, भट्टीकडे पाहून नाक मुरडलं, आणि मडगार्डापाशी थांबला. लोण्यावर घाटाचा तांबडा चिखल उडून बसला होता. त्यानं बोट लावून पाहिलं, वास घेतला.

"हे थो करते?" त्यानं विचारलं.

"दर वर्षी," मी म्हणालो.

"आवतनबी देते?"

"देतात. काल दिलं, घाटाखाली."

त्यानं मडगार्डावर पंजा टेकवला. मग वळून त्यानं पोरांना दरडावलं, "पाहून काय राह्यले? ओझं उतरवा तिचं! पोळ्याच्या दिवशी कोनी ओझ्यानं उभं राह्यते काय?" गावच्या जवान पोरांनी मिठाची पोती बघता बघता देवळाच्या ओसरीवर रचली. रिकामी लॉरी मी रांगेच्या अगदी शेवटी नेऊन उभी केली आणि बंद केली, बैल बिचकू नयेत म्हणून. पाटलांनी नारळ फोडला, वाजंत्री उसळली, पोळा फुटला, आणि जोड्या धावत आपापल्या घराकडे निघाल्या. मानाची जोडी सगळ्यांच्या पुढं, कासऱ्याला माझा जोडीदार, तोंडभर हसत, पंधरा वर्षांच्या पोरासारखा उड्या मारत.

त्यांच्या दारात मोठ्या भावाच्या बायकोनं, वहिनींनी, बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळी भरवली. मी लॉरी गल्लीच्या तोंडाशी आणून ठेवली होती. मोठा भाऊ म्हणाला, "तिकडंबी जा." वहिनी हसल्या नाहीत. त्या तांब्या घेऊन आल्या, लॉरीच्या पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला कुंकू लावलं, आणि त्यावर पुरणपोळीचं ताट ठेवलं. शेजारीपाजारी बघत होते. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"हसता कायले?" मोठा भाऊ त्यांच्यावर कडाडला. "आवतन देल्लं होतं तिले. आवतन देऊन उपाशी ठेवाची रीत नाई आमच्या घरी." मग घरातून वाटीभर लोणी मागवून त्यानं आपल्या धडक्या हातानं मडगार्ड चोळायला घेतला. "घाट चढून आली," तो पुटपुटला. "खांदा दुखत असंल." दुसऱ्या मडगार्डापाशी धाकटा जाऊन उभा राहिला होता. दोघंही चोळत राहिले, एकमेकांकडे न बघता, लॉरीच्या दोन अंगांना दोघे.

बॉनेटवरची ती पोळी शेवटी मीच खाल्ली.

मंगरूळपीरला मीठ टाकून आम्ही कारंज्याला आलो तेव्हा मालक अड्ड्यावरच उभा होता. त्यानं मडगार्डांकडे पाहिलं. धुळीत हाताचे दोन ठसे स्पष्ट उमटलेले होते, एका मडगार्डावर एका भावाचा, दुसऱ्यावर दुसऱ्याचा. तो नेहमीसारखा डाफरला, "हे काय आहे? फडकं कुठं आहे तुझं?"

मी म्हणालो, "फडकं हरवलं." दिवाळी आली तरी ते मला सापडलं नाही.